दादांचा मोबाइल आणि माझी नवी वही

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत पेढीवर मी ३१ वर्षे दिवाणजी होतो. कीर्द (रोजचा जमाखर्च) लिहिणे, तिच्यावरून खतावणी (खातेवार नोंदवही) भरणे आणि पाडव्याला नवी वही काढून जुन्या वहीतील बाकी पुढे ओढणे हे माझे काम. एखादा शेतकरी खातेदार वारला की त्याच्या येण्याची रक्कम कोणाच्या नावे ओढायची, हा प्रश्न पेढीवर वर्षातून दोन-चार वेळा तरी येत असे आणि त्याची रीत ठरलेली असे : मृत्यूचा दाखला, वारसांची लेखी संमती, आणि मग मालकांची सही. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या खात्यांची अशी निरवानिरव करणाऱ्या मी स्वतःच्या मोबाइलमधील खात्यांचा विचार मात्र वयाच्या ६४ व्या वर्षापर्यंत केला नव्हता. तो करावा लागला माझ्या थोरल्या भावामुळे.

दादा गावभागातील आमच्या वडिलोपार्जित घरात राहत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा त्या घराचा तळमजला बुडाला आणि कागदपत्रांची लाकडी पेटी कित्येक दिवस पाण्यात राहिली. खरे तर २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती आणि पेटी त्या खुणेच्या वरच ठेवलेली होती. या वेळी पाणी खुणेहून वर आले. पूर ओसरल्यावर दादांनी एकेक कागद सोडवून गच्चीवर वाळवला, मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढले आणि सगळी छायाचित्रे गूगल ड्राइव्हवर तीन फोल्डरांत लावून ठेवली. पहिल्यात घराचे व जमिनीचे कागद, दुसऱ्यात आमच्या घराण्याची वंशावळ आणि तिच्यासाठी केलेली टिपणे, तिसऱ्यात आमच्या वडिलांनी नोकरीच्या गावांहून आईला लिहिलेली पत्रे. मूळ पत्रांना बुरशी लागून ती एकमेकांना चिकटली होती, म्हणून छायाचित्रे निघाल्यावर दादांनी ती नदीत सोडली. "आता येऊ दे पूर," असे ते त्या दिवशी म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मिरजेच्या एका रुग्णालयात दादा गेले. चार दिवसांचे आजारपण होते. काही सांगायला, विचारायला सवड मिळाली नाही. त्यांच्या मोबाइलला सहा आकडी पिन होता आणि तो वहिनींना ठाऊक नव्हता. पुतण्याने जन्मतारखा, गाडीचा क्रमांक, घराचा क्रमांक असे सगळे घालून पाहिले, पण प्रत्येक चुकीनंतर फोन अधिकाधिक वेळ थांबायला लावू लागला, तेव्हा आम्ही तो बंद करून कपाटात ठेवला. दुकानात नेऊन तो उघडून घेता येईल असे कोणीतरी सुचवले. चौकशी केल्यावर कळले की दुकानदार फोन पुसून कोरा करून देईल, आतील माहितीसह उघडून देणार नाही.

त्यातच आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली चूक दाखल्याची. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते आणि रुग्णालयातून ती वेळेवर गेलीही. परंतु तेथील अर्जावर पुतण्याने त्या गडबडीत दादांचे घरातले, सर्वतोमुखी असलेले नाव लिहिले, जे आधार कार्डावर किंवा पॅन कार्डावर कुठेच नव्हते. ज्या नावाने माणूस आयुष्यभर ओळखला गेला त्या नावाचा दाखला कोणत्याही खिडकीवर चालेना. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे आणि बरेच हेलपाटे लागले.

दुसरी चूक अधिक महागात पडली. दादांच्या क्रमांकावर कर्ज आणि विमा विकणाऱ्यांचे फोन येत. पुतण्याने सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले होते, त्यामुळे ते फोन वहिनींच्या समोर वाजत, आणि प्रत्येक वेळी "साहेब आहेत का?" या प्रश्नाला उत्तर देणे त्यांना असह्य होई. म्हणून तेरावा आटोपल्यावर पुतण्याने पुण्याला परत जाण्यापूर्वी कंपनीच्या दुकानात जाऊन तो क्रमांक बंद करून टाकला. त्यात आईची काळजी होती, दुसरे काही नव्हते, आणि त्या वेळी मीही मान डोलावली होती. परंतु दादांचे ईमेल, बँकेचे संदेश, म्युच्युअल फंडाचे खाते, वीजबिलाची नोंदणी, गॅसची नोंदणी, सगळ्यांचा ओटीपी त्याच एका क्रमांकावर येत होता. पेढीच्या भाषेत सांगायचे तर आम्ही एक खाते बंद करायला गेलो आणि तिजोरीची किल्ली विहिरीत टाकून आलो. मृत्यूच्या दाखल्यावर तो क्रमांक वारसाच्या नावावर करून घेता येतो, हे आम्हाला नंतर समजले.

पैशांचे व्यवहार त्यामानाने सरळ होते. मुख्य बचत खाते दादा आणि वहिनी यांचे संयुक्त, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो, अशा अटीचे होते; मुदत ठेवींवर वहिनींचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले होते. मधल्या काळात एका नातेवाइकाने दादांच्या डायरीत लिहिलेला एटीएमचा आकडा दाखवून "तेवढे पैसे काढून घ्या, नंतर बँक खाते गोठवेल," असा सल्ला दिला. शेजारी राहणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तो ऐकताच हात जोडले. खातेदार गेल्यानंतर त्याच्या कार्डाने किंवा त्याच्या मोबाइलवरून पैसे काढणे म्हणजे मेलेल्या माणसाची सही करणे, असे ते म्हणाले. आणि ज्याने आयुष्यभर सह्या तपासल्या त्याला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. आम्ही बँकेला रीतसर कळवले आणि कागदोपत्री मार्गाने गेलो.

अडचण आली ती अशा खात्याची, ज्याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे होती. पेवाचे तोंड बंद करून वर माती पसरली की अनोळखी माणसाला ती नुसती सपाट जमीन वाटे. दादांचे एक बचत खाते असेच होते : ऑनलाइन उघडलेले, पासबुक नाही, धनादेश पुस्तिका नाही, उतारे फक्त ईमेलवर. ते सापडले प्राप्तिकरामुळे. मृत व्यक्तीचे त्या वर्षातील मृत्यूच्या तारखेपर्यंतचे विवरणपत्र कायदेशीर वारसाला भरावे लागते, आणि त्यासाठी वारस स्वतःच्या पॅन क्रमांकाने प्राप्तिकराच्या पोर्टलवर शिरून, दाखला व वारसा सिद्ध करणारे कागद जोडून नोंदणी करतो. मृताचा मोबाइल त्याला लागत नाही. आमच्या करसल्लागारांनी ३१ जुलै २०२४ च्या आत विवरणपत्र भरण्यासाठी दादांचे वार्षिक माहिती विवरण काढले, त्यात त्या अज्ञात खात्यावरील व्याज आणि एका फंडातील गुंतवणूक नोंदलेली दिसली. ज्यांच्या घरात असा प्रसंग येईल त्यांनी कपाटे शोधण्यापूर्वी हे विवरण काढावे, असे मी आता सर्वांना सांगतो. ते पान दिसले नसते तर ती रक्कम पडून राहिली असती. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होतात. त्या नंतरही मागता येतात, आणि ऑगस्ट २०२३ पासून उद्गम नावाच्या पोर्टलवर शोधताही येतात, पण शोधण्यासाठी मुळात शंका तरी यावी लागते.

तीन फोल्डरांचे काय झाले ते सांगतो. वंशावळीचा फोल्डर दादांनी आमच्या आत्तेभावाला फक्त पाहण्यासाठी उघडून दिला होता, घराच्या कागदांचा पुतण्याला. दोघांनाही तो आपल्याकडे कायमचा आहे असे वाटत होते. वस्तुतः अशा फाइली मूळ मालकाच्या खात्यातच राहतात आणि ते खाते पुसले गेले की त्याही जातात. गूगलच्या २०२३ मधील धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसले जाऊ शकते, हे कळल्यावर त्या दोघांनी एका रविवारी बसून दोन्ही फोल्डर उतरवून घेतले. तिसरा फोल्डर, वडिलांच्या पत्रांचा, दादांनी कोणालाच दिलेला नव्हता.

मृत व्यक्तीच्या खात्याबाबत गूगलकडे अर्ज करता येतो. पासवर्ड किंवा प्रवेश कोणालाही दिला जात नाही. खाते बंद करण्याची विनंती करता येते आणि काही परिस्थितींत, कागदपत्रे तपासून, माहिती देण्याचा विचार होतो. मी वहिनींना म्हटले की अर्ज करून पाहू. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाल्या. "ह्यांनी कुणाला काय लिहिलंय, कुणी ह्यांना काय लिहिलंय, ते सगळं पोतं माझ्यापुढे आणून ओतू नका. मामंजींची पत्रं तेवढी मिळाली असती तर बरं झालं असतं." मला सुरुवातीला हे हट्टाचे वाटले. नंतर लक्षात आले की दादांच्या ईमेलमध्ये दादांखेरीज इतर माणसेही होती : कर्ज मागणारे मित्र, घरातले भांडण सांगणारी भाची, कोणाचे आजार, कोणाचे अपमान. त्यांनी ते दादांना लिहिले होते, आम्हाला नव्हे.

आणखी दोन गोष्टींनी वहिनींना त्रास झाला आणि दोन्ही टाळता आल्या असत्या. जून महिन्यात दादांचा वाढदिवस आला, तेव्हा फेसबुकने सर्वांना त्याची आठवण करून दिली आणि त्यांच्या पानावर "शतायुषी व्हा" अशा शुभेच्छांची रांग लागली. त्यातील निम्म्या माणसांना दादा गेल्याचे ठाऊक नव्हते. उरलेल्यांपैकी काहींनी ठाऊक असूनही सवयीने लिहिले असावे. मृत्यूचा पुरावा देऊन ते खाते स्मृतिखाते करून घेता येते, म्हणजे नावापाशी स्मरणार्थ या अर्थाचा शब्द लागतो आणि वाढदिवसाच्या आठवणी थांबतात. पुतण्याने ते त्या आठवड्यातच केले. दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. पावसाळ्यात एके दिवशी वहिनींच्या फोनमध्ये "हे" या नावासमोर दादांच्या छायाचित्राऐवजी मोटारसायकलवर बसलेला, गॉगल लावलेला एक अनोळखी तरुण दिसू लागला. त्या तरुणाचा काहीच दोष नव्हता. त्याने फक्त नवे सिम घेतले होते. वहिनींनी फोन माझ्यासमोर धरला, काही बोलल्या नाहीत, आणि मी तो क्रमांक त्यांच्या यादीतून काढून टाकला.

त्या वर्षी, म्हणजे २ नोव्हेंबर २०२४ च्या पाडव्याला, मी जुन्या सवयीने लाल कापडी बांधणीची एक वही आणली आणि वर श्री लिहून स्वतःच्या खात्यांची यादी सुरू केली. आमच्या सौ.ना हे अजिबात आवडले नाही. "सणासुदीला, त्यातून दिवेलागणीला, असलं काही लिहायला बसू नका हो," असे म्हणून त्यांनी वही उचलून देवघराशेजारी ठेवली, आणि मी ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतली. मला वाटत होते दहा-बारा खाती निघतील. पाच दिवसांत ३४ निघाली. त्यात दोन ईमेल, तीन बँका, एक भविष्य निर्वाह निधी, एक फंड, वीज, गॅस, रेल्वेचे आरक्षण, डिजिलॉकर, खरेदीची दुकाने, आणि एका बुद्धिबळाच्या खेळाचे खाते, ज्यात कोण्या परदेशी माणसाबरोबरचा माझा डाव तीन वर्षांपासून अर्धवट पडला होता.

प्रत्येक खात्यापुढे मी एकच रकाना अधिक ठेवला : माझ्यानंतर याचे काय करायचे. वारसाकडे द्यायचे, बंद करायचे, की तसेच सोडून द्यायचे. पासवर्ड या वहीत लिहिले नाहीत. वही कोणाच्याही हाती पडू शकते, आणि पासवर्ड बदलत राहतात. त्याऐवजी फोनचा पिन आणि मुख्य ईमेलचा पासवर्ड एवढेच एका वेगळ्या पाकिटात घालून पाकीट लाखेने बंद केले. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे असा माझा पहिला विचार होता. पण खातेदार गेल्यावर लॉकर उघडण्यासाठीच अर्ज, दाखला आणि बँकेच्या वेळा लागतात, आणि या पाकिटाची गरज तर पहिल्या आठवड्यात पडते. शेवटी पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात गेले. सांगलीत राहणाऱ्या माणसाला कागद उंचावर का ठेवला हे सांगावे लागत नाही.

सर्वाधिक वेळ गूगलच्या व्यवस्थेने घेतला, आणि तो दिला याचे मला समाधान आहे. २०१३ पासून तेथे अशी सोय आहे की आपण खाते किती काळ वापरले नाही म्हणजे ते निष्क्रिय समजावे हे आपणच ठरवायचे : तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने. ती मुदत संपण्याच्या एक महिना आधीपासून गूगल आपल्याला संदेश आणि ईमेल पाठवून सावध करते. तरीही उत्तर मिळाले नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवले जाते. अशी दहापर्यंत माणसे नेमता येतात, आणि प्रत्येकाला काय मिळावे हे वेगवेगळे ठरवता येते. नेमलेल्या माणसाचा मोबाइल क्रमांक आधीच द्यावा लागतो, कारण त्याची ओळख त्याच क्रमांकावर येणाऱ्या संकेताने पटवली जाते. नंतर तीन महिन्यांत त्याने माहिती उतरवून घ्यायची असते. त्यापुढे खाते पुसून टाकायचे की नाही हेही आपणच आधी सांगून ठेवायचे.

मी सहा महिने निवडले. तीन महिने मला कमी वाटले. लांबलेले आजारपण आले तर मी अंथरुणावर असतानाच मुलीला माझ्या मृत्यूचा संदेश जायचा. याच ठिकाणी एक बारीक अडचण माझ्या ध्यानात आली, जी मला कोणी सांगितली नव्हती. खाते चालू आहे की नाही हे गूगल केवळ ईमेल उघडण्यावरून ठरवत नाही. त्या खात्याशी जोडलेला अँड्रॉइड फोन चालू असेल आणि पाठीमागे आपोआप संपर्क करत असेल तर तीही हालचाल धरली जाते. म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांनी प्रेमाने त्याचा फोन रोज चार्ज करून चालू ठेवला, तर सहा महिन्यांचे घड्याळ सुरूच होणार नाही. उलट फोनबरोबर सिमही बंद केले तर आमच्यासारखी गत होते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मी लाल शाईने लिहिले आहे : पाकिटातील पिनने फोन उघडून हवी ती छायाचित्रे काढून घ्यावीत, मग सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घालावे आणि मोठा फोन बंद करावा. सिमचे रिचार्ज चालू ठेवावे, क्रमांक रीतसर सौ.च्या नावावर करून घ्यावा, आणि सर्व कामे झाल्यानंतर तो सर्वांत शेवटी बंद करावा. त्याखाली दुसरी ओळ आहे : या फोनवरून पैशाचा एकही व्यवहार करू नये, प्रथम बँकेला कळवावे.

काय कोणाला द्यायचे, हे ठरवताना वहिनींचे बोलणे मला पुरले. मुलीला छायाचित्रे आणि ड्राइव्ह. पुतण्यालाही ड्राइव्ह, तेथील वंशावळीसाठी, कारण दादांचे ते काम आता तो पुढे नेतो आहे. ईमेल कोणालाही नाही. तीन महिन्यांनी खाते पुसून टाकावे. ईमेलचा पासवर्ड पाकिटात ठेवून ईमेल कोणाला द्यायचे नाही म्हणणे विसंगत आहे, असे मुलीने लगेच दाखवून दिले. ती म्हणते ते बरोबर आहे. पासवर्ड हा बँकांचे उतारे शोधण्यापुरता आहे, आणि बाकीचे उघडू नये हे मी तिला तोंडी सांगितले आहे. यंत्राला जे सांगता येत नाही ते माणसालाच सांगावे लागते.

नेमलेल्या माणसासाठी एक संदेशही लिहून ठेवता येतो, जो त्याला नंतर पोहोचतो. मी आयुष्यभर पत्रे लिहिली, ती "स.न.वि.वि." पासून "कळावे" पर्यंत, माल पोहोचल्याची आणि हुंडी वटल्याची. मुलीला लिहायचे म्हटल्यावर "चि. हीस अनेक आशीर्वाद" एवढे लिहून मी थांबलो, कारण हे ज्या दिवशी ती वाचेल त्या दिवशी आशीर्वाद देणारा असणार नाही, मग कोणता काळ वापरावा हे मला समजेना. "मी ठीक आहे" लिहिता येत नाही, "तुझी प्रकृती कशी आहे" विचारण्यात अर्थ नाही. चार दिवस तो रकाना रिकामा ठेवून अखेर मी लिहिले की छायाचित्रांमध्ये २०११ चे फोल्डर आधी उतरवून घे, त्यात तुझ्या आजीचा आवाज आहे. आणि वही पोटमाळ्यावर पत्र्याच्या डब्यात आहे. दिवाणजीला एवढेच जमले.

बाकीचे त्वरेने झाले. व्हॉट्सॲपला वारस नेमता येत नाही. १२० दिवस वापर झाला नाही तर ते खाते पुसले जाते, म्हणून त्यातील जपण्यासारखे मी ड्राइव्हवर काढून ठेवले. फेसबुकवर आपल्या मागे खाते सांभाळणारा माणूस नेमता येतो, त्याला आपले खासगी संदेश दिसत नाहीत. किंवा मृत्यूनंतर खाते काढून टाकावे असे सांगून ठेवता येते. "शतायुषी व्हा" डोळ्यांपुढे असल्याने मी दुसरा पर्याय घेतला. डिजिलॉकरमध्ये समभाग व फंडांची विवरणे ठेवून ती नंतर पाहू शकणारी व्यक्ती नेमण्याची सोय १ एप्रिल २०२५ पासून झाली आहे, तीही केली. बँकांत नोव्हेंबर २०२५ पासून एकाऐवजी चार जणांपर्यंत नावे नॉमिनी म्हणून लावता येतात. मला दोनच लावायची होती. मात्र असे नाव लागलेली व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. समभागांच्या बाबतीतही हेच खरे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे मृत्युपत्र टाळता येत नाही.

मृत्युपत्र ईमेलने पाठवून किंवा मोबाइलवर चित्रफीत करून होईल का, असे मी वकिलांना विचारले, कारण बाकी सगळे तसेच चालले होते. ते हसले. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधून मृत्युपत्र मुद्दाम वगळलेले आहे. ते कागदावर, स्वतःच्या सहीने आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांनीच होते. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी दुय्यम निबंधकांकडे जाऊन केली. पासवर्ड त्यात घालू नका, तो कागद पुढे अनेकांच्या हाती जातो, असेही त्यांनी बजावले. वहीचा नुसता उल्लेख करून ती कोणाकडे द्यावी एवढेच लिहिले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या १४ व्या कलमात आपल्या माहितीवरचे अधिकार मृत्यूनंतर वापरणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे, आणि त्याचे नियम आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. तो रकाना वहीत मी तूर्त कोरा ठेवला आहे.

मुलगी बंगळूरला असते आणि आयफोन वापरते. माझे हे उद्योग पाहून तिनेही ॲपलमधील वारसाची सोय वापरली. तेथे पाच जणांपर्यंत नेमता येतात, प्रत्येकाला एक प्रवेशकळ (ॲक्सेस की) मिळते, आणि ती कळ व मृत्यूचा दाखला दोन्ही दिल्यावर तीन वर्षांपर्यंत माहिती पाहता येते. साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. तिने आईला नेमले आणि त्या कळीचा कागद छापून गणपतीत घरी आली तेव्हा तिच्या हातात दिला. सौ.नी तो घेतला नाही. माझी वही त्यांनी इतक्या महिन्यांत सोसली होती, परंतु चौतिसाव्या वर्षाच्या मुलीकडून आईने असला कागद घ्यायचा, ही गोष्ट त्यांच्या पलीकडची होती. तो कागद आता माझ्याकडे डब्यात आहे. त्याविषयी घरात पुन्हा बोलणे झालेले नाही आणि मीही काढलेले नाही.

यंदाच्या पाडव्याच्या आदल्या आठवड्यात मी रंगीत तालीम घेतली. सौ.ना म्हटले, मी नाही असे समजा आणि पाकीट फोडून फोन उघडा. पिन लागला नाही. उन्हाळ्यात मी तो बदलला होता आणि पाकिटात जुनाच राहिला होता. ३१ वर्षे दुसऱ्यांच्या ताळेबंदातील चूक पकडणाऱ्या माणसाची ही गत. नवा आकडा लिहून पुन्हा सुरुवात केली, तर त्यांना ईमेल कुठे आहे ते सापडेना, कारण मी ते पडद्याच्या तिसऱ्या पानावर ढकलले होते. बटणांच्या फोनमध्ये सिम घालायला अर्धा तास आणि एक टाचणी लागली. आता पिन बदलला की त्याच दिवशी पाकीट बदलायचे, आणि दर पाडव्याला वहीचे नवे पान लिहायचे, असे ठरले आहे.

पाडव्याच्या सकाळी मी जुन्या पानावरून बाकी ओढत बसलो होतो, तेव्हा सौ. चहा घेऊन आल्या आणि समोर बसून म्हणाल्या, "माझंही लिहा." त्यांची सात खाती निघाली. सहा मला माहीत होती. सातवे पोस्टातले आवर्ती ठेवीचे, नऊ वर्षे चालू असलेले, मुलीच्या नावे. मी काही न विचारता ते लिहून घेतले. गूगलच्या मुदतीपाशी आल्यावर मी आपणहून सहा महिन्यांवर बोट ठेवले, तर त्यांनी मला थांबवले. "तीनच करा. पोरीला सहा महिने कशाला ताटकळत ठेवायचं?"